राखलेलं वारं

भोरच्या त्या दवाखान्यात चार खाटा, एक डॉक्टर आणि एक मी, एवढाच सगळा कारभार होता. दवाखाना डॉक्टरांचा स्वतःचा. पुढच्या दोन खोल्यांत तपासणी आणि औषधं, मागे खाटांची लांबट खोली आणि तिच्यामागे परसात पेशंटच्या माणसांनी चूल मांडायची जागा. मी तिथे नर्स म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला, सासरच्यांनी भोरला माहेरी परत पाठवलं आणि वडिलांनी चार लोकांची बोलणी खाऊन मला पुण्याला नर्सिंग शिकायला ठेवलं. शिकून आले ती जरा शिष्ट होऊनच आले. सगळे मला ‘बाई’ म्हणत, डॉक्टरही बाईच म्हणत. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे आणखी लाडाने काही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

डॉक्टर भोळे आणि वाचनाचे वेडे. मुंबईहून त्यांच्याकडे परदेशी वैद्यकीय मासिकं यायची, वर्ष-दोन वर्षं जुनी. ती ते पोथीसारखी वाचायचे आणि मला ऐकवायचे. ऐकून घेणारं दुसरं होतं तरी कोण? त्या वाचनातूनच त्यांनी प्राणवायूचं मनावर घेतलं. छाती भरलेला रोगी औषध लागू पडेपर्यंत टिकत नाही, तेवढे दोन दिवस त्याला श्वास पुरवला तर तो हाती लागतो, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मला ते पाठ झालं. शेवटी पौषाच्या सुरुवातीला त्यांनी पुण्याहून एक मोठा सिलिंडर आणवला. सर्व्हिस मोटरच्या टपावरून तो उतरवताना बघायला निम्मं भोर गोळा झालं होतं.

युद्धाचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि कात्रजच्या चढाला उतारूंना खाली उतरून मागून ढकलायला लावायच्या. रॉकेल मिळायचं नाही. घरोघरी आगकाडी उभी चिरून एकीच्या दोन करायचे. हे सांगते ते उगाच नाही. त्या दिवसांत काटकसर माणसांच्या हातात मुरलेली होती, आणि डोंगराकडच्या माणसांच्या तर युद्धाच्या कितीतरी आधीपासून.

सिलिंडर येऊन महिना झाला असेल. एका दुपारी हिर्डोशीकडून चार माणसं घोंगडीच्या झोळीत एक पोरगी घेऊन आली. आदल्या दिवशी निघून, वाटेत एका गावी मुक्काम करून, चालत आलेली. झोळीच्या बाजूने एक बाई चालत होती. पन्नाशीची, उंच, अंगाने वाळकी, पायांत काही नाही. पोरगी अठरा वर्षांची. आजाराचा सहावा दिवस. नाकपुड्या फुललेल्या, ओठ निळे आणि श्वास असा की बघणाऱ्याला धाप लागावी. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. उजवं फुप्फुस पुरतं भरलं होतं, डावं भरू लागलं होतं. त्यांनी सल्फाच्या गोळ्या काढल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी आधीच सिलिंडरकडे निघाले होते.

त्या उंच बाईने माझा हात धरला. “बाई, ही सून न्हाई नुसती. माज्या भावाची लेक हाय. मागून आनलीया म्या. ल्योक पलटणीत हाय माजा, समुद्राच्या पल्याड. त्यो येईस्तवर हिला जपायचीय मला.”

“मावशी, हात सोडा म्हणजे जपता येईल,” मी म्हटलं. माझं बोलणं हे असं.

सिलिंडरच्या मानेवर चावी होती आणि चावीशेजारी एक काट्याची तबकडी. तिथून रबरी नळी पाण्याच्या बाटलीत जायची, आणि बाटलीतून निघालेली बारीक नळी पोरीच्या नाकात. वायू किती जातो ते पाण्यातल्या बुडबुड्यांवरून कळायचं. मी चावी सोडली, बाटली बुडबुडायला लागली. तासाभरात पोरीच्या ओठांची निळाई उतरली आणि तिने डोळे नीट उघडले. बाटलीकडे बघत राहिली. मग एकेक शब्दाला थांबत म्हणाली, “आधण आलं बाई, तांदूळ वैरा.”

मी नर्स झाल्यापासून पेशंटसमोर हसायचं नाही असं ठरवलं होतं. त्या दिवशी ते मोडलं.

“गप, बोलू नगंस,” तिची सासू म्हणाली. “वारं सांडंल.”

प्राणवायू हा शब्द काही तिला जमला नाही. ती त्याला वारंच म्हणायची, आणि काट्याच्या तबकडीला घड्याळ. मी तिला समजावलं. वास्तविक एवढं समजवायची गरज नव्हती, पण मला मिरवायचं होतं. भोरमध्ये ते यंत्र चालवता येणारी मी एकटी. म्हटलं, “मावशी, हा काटा उजवीकडे आहे ना, तो जसा वायू संपेल तसा डावीकडे सरकत जाणार. डाव्या टोकाला टेकला की संपलं. दुसरा सिलिंडर पुण्याहून यायचाय. उद्या सकाळच्या मोटरने डॉक्टर स्वतः जातील, संध्याकाळी घेऊन येतील. तोवर हा पुरला पाहिजे. तेव्हा जपून.”

जपून. मी म्हटलं ते खरं तर मलाच, की चावी जराही जास्त सुटायला नको. पण म्हटलं तिच्याकडे बघून.

संध्याकाळी ती परसात पेज करायला गेली. मी पाणी तापवायला तिथेच होते. शेजारच्या चुलीतला निखारा मागून तिने जाळ केला, आगकाडी काही ओढली नाही. पेज शिजल्याबरोबर जळतं लाकूड बाहेर ओढलं, टोक राखेत खुपसून विझवलं आणि ते अर्धं जळकं लाकूड भिंतीशी नीट उभं करून ठेवलं. पातेलं निखाऱ्यांवर राहिलं. मी म्हटलं, “अहो मावशी, परसात लाकडांचा ढीग पडलाय डॉक्टरांचा. जळू दे की.”

“पडला म्हून काय झालं?” ती म्हणाली. “लागंल कुनाला तरी.”

दिवेलागणीला डॉक्टर खाटेशी येऊन बसले. पोरीची नाडी धरून त्यांनी मला मासिकातलं ऐकवायला घेतलं. मागच्या युद्धाच्या वेळी तापाची मोठी साथ आली, तेव्हा अमेरिकेत एका डॉक्टराने छाती भरलेले रोगी लोखंडी टाकीत ठेवले आणि टाकीत दाबून दाबून हवा भरली. पुढे त्याने कित्येक मजल्यांचा लोखंडी गोळाच बांधला. आत खोल्या, पलंग, जेवायची टेबलं. “तिकडचे बाकीचे डॉक्टर त्याला खुळा म्हणतात,” आमचे डॉक्टर म्हणाले, “पण बाई, विचार करा. आपण नळीने थेंब थेंब पाजतोय आणि तिथे माणूस त्या हवेत बुडून बसतो.”

सासू सगळं लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, “त्या घरात चूल कुठं मांडायची पर?”

पोरगी डोळे मिटून होती. तशीच म्हणाली, “तू भाईर मांड आत्ती. मी आत बसून खाईन.”

डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मला वाटतं, त्या क्षणी आम्हा चौघांनाही ती जगणार याची खात्री वाटली.

सकाळी डॉक्टर पहिल्या मोटरने गेले. जाताना मला बजावलं, बुडबुडे आहेत तसेच राहू देत, कमी नाही की जास्त नाही. ताप उतरणीला लागला होता. नाकातली नळी कफाने भरली म्हणून ती काढून साफ करायची होती. माझे दोन्ही हात गुंतलेले. मी म्हटलं, “मावशी, ती चावी आवळा जरा. तशी नाही, अशी. हां. आता सोडा. बास.” तिने ते इतक्या सफाईने केलं की मी तिला म्हटलं, “शहाण्या आहात हो!” तिचा चेहरा उजळला. डोंगर उतरून आलेल्या, दवाखाना पहिल्यांदाच पाहणाऱ्या बाईला कुणी शहाणी म्हणालं होतं. तेव्हापासून ती त्या तबकडीसमोर बसली ती बसलीच. काटा थोडासा सरकला की मला हाक मारायची, “बाई, हालला वो.”

“हलणारच. हलू दे,” मी म्हणायचे.

दुपार व्हायला आली तेव्हा उत्रोलीहून एक माणूस बैलगाडी घेऊन आला. त्याची बायको पहाटेपासून अडली होती. पायाळू होतं मूल, एक पाय बाहेर आलेला, आणि सुईणीने हात टेकलेले. तो दारातच बसला आणि रडायला लागला. मी खाटेकडे पाहिलं. पोरीने थोडी पेज घेतली होती. ओठ गुलाबी होते, श्वास अजून भरभर पण पहिल्यापेक्षा कितीतरी बरा. बाटलीत बुडबुडे एका लयीत चालले होते. काटा मधोमध आला होता आणि संध्याकाळपर्यंत आरामात पुरला असता. उत्रोली काही लांब नाही.

मी सासूला म्हटलं, “मावशी, मी दोन तासांत येते. नळी हलू द्यायची नाही. घड्याळावर लक्ष ठेवा. आणि जपून हं, डॉक्टर येईपर्यंत पुरायचंय.”

“तुमी जावा बाई बिनघोर,” ती म्हणाली.

पोरीने डोळे उघडून विचारलं, “कुठं चाललात?” मी म्हटलं, “तांदूळ आणायला.” ती हसली. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते.

उत्रोलीला मला तीन तास लागले. मूल निळं होऊनच बाहेर आलं, मुलगी होती. पाठीवर चापट्या मारल्या, तोंड पुसलं, पायांना धरून उलटी केली, तेव्हा कुठे रडली. आईही वाचली. घरातल्या म्हातारीने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्यांनी गुळाचा चहा केला आणि मी तो प्यायले. दूध शोधायला कुणी शेजारी गेलं, त्याची वाट बघत बसले, आणि सावकाश प्यायले. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. त्या चहाला अर्धा तास गेला असेल. आयुष्यात मी नंतर गुळाचा चहा घेतलेला नाही.

दवाखान्यात शिरले तेव्हा ऊन परसाच्या भिंतीवर चढलं होतं. खोलीत आवाज नव्हता. आत पाऊल टाकेपर्यंत मला कळलंच नाही की काय ऐकू येत नाहीये. बाटलीतलं पाणी स्वस्थ होतं. सासू स्टुलावर मांडीत हात ठेवून बसली होती, आणि मला बघून तिचं तोंड आनंदाने फुललं.

“या बाई. बगा, घड्याळ बगा,” ती म्हणाली. “तुमी गेलात तितंच काटा हाय. हालू दिला न्हाई. पोरगी झोपली गुमान, मंग म्या म्हनलं आता कशाला? भात शिजला, जाळ वडला. सगळं राखून ठिवलंय सांजच्यासाटी.”

मी खाटेकडे धावले. पोरीची नखं काळीनिळी झाली होती. श्वास होता, पण वरच्यावर, गळ्याशी. मी चावी सोडली, मग आणखी सोडली, बाटलीतलं पाणी उसळून बाहेर सांडलं. सुई दिली. छाती चोळली, तिला उठवून माझ्या अंगाशी धरून बसवलं. हाका मारल्या. मी किती ओरडले मला आठवत नाही. सासू उभी राहिली होती आणि “काय झालं बाई, काय झालं,” एवढंच म्हणत होती. नंतर तेही म्हणेना. पोरीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. तिच्या केसांना परसातल्या धुराचा वास होता. ऊन भिंतीवरून जायच्या आत ती गेली.

डॉक्टर आले ते त्यानंतर घटकाभराने. मोटर कापूरहोळला बंद पडली होती. मागे दोन हमाल नवा सिलिंडर घेऊन आले. डॉक्टर दारातून आत आले, खाट पाहिली, टोपी काढली. आणि मग त्यांची नजर तबकडीवर गेली. जेवढा वायू आतापर्यंत जायला हवा होता तेवढा गेला नव्हता, हे त्यांना एका दृष्टिक्षेपात कळलं.

“चावी कुणी बंद केली?” त्यांनी विचारलं. तो मवाळ माणूस होता, पण तो आवाज मी त्यांचा पूर्वी ऐकला नव्हता.

सासू खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती. तिने मान वर केली. तिचे ओठ हलले.

“मी,” मी म्हटलं. “नळी साफ करताना बंद केली, आणि उत्रोलीची माणसं आली त्या गडबडीत सोडायची राहिली.”

हे मी मोठ्या मनाने म्हटलं असं कुणी समजू नये. मला ते खोटं वाटलंच नव्हतं. तिला चावी फिरवायला शिकवलं मी, जपून म्हणाले मी, सोडून गेले मी. बंद केली तर काय होईल हे एक वाक्य तेवढं मी बोलले नाही. जिच्या घरी शिजल्यावर कुणी जाळ ठेवत नाही तिला हे सांगायला लागतं, हे मला सुचलंच नाही. पुण्याच्या शिक्षणात ते नव्हतं.

डॉक्टर पुढच्या खोलीत जाऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिले. पुढे केव्हातरी ते मला म्हणाले की दोन्ही फुप्फुसं भरत आली होती, कदाचित ती तशीही गेली असती. ते ‘कदाचित’ मला कधी उपयोगी पडलं नाही.

ती चार माणसं भोरमध्येच थांबली होती, त्यांनी पोरीला परसाच्या दाराने नेलं. खोलीत मी एकटी उरले, आणि तो सिलिंडर. काटा अजून जवळजवळ मधोमधच. मला त्या काट्याचा भयंकर संताप आला. मी चावी पूर्ण सोडली. नळी निसटून पडली आणि वायू सुं सुं करत सुटला. ज्या वायूने तिला उद्याचा दिवस दिसला असता, तो मी तिथे उभी राहून हवेत जाऊ दिला, काटा डाव्या टोकाला टेकेपर्यंत. मागे वळले तर परसाच्या दारात सासू उभी होती. घोंगडी विसरली होती म्हणून परत आलेली. तिने घोंगडी उचलली, घडी घातली आणि गेली.

चार दिवसांनी ती पुन्हा आली, लेकाला पत्र लिहून घ्यायला. मी लिहिलं की छाती भरून आली, भोरच्या दवाखान्यात सगळे उपाय केले, यश आलं नाही. वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आनि लिवा, की त्रास झाला न्हाई, झोपेत गेली.” मी लिहिलं. उठताना तिने विचारलं, “बाई, ते राहिलेलं वारं कुनाला लागलं का?”

तिने सुं सुं आवाज ऐकला होता की नव्हता, ते मला ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला दुसरं काही बोलवेना. “लागलं,” मी म्हटलं. “एका तान्ह्या पोरीला.”

“कुठली?”

“उत्रोलीची.” तोंडात तेच गाव आलं.

“जगली?”

“जगली.”

तिने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, “मंग झालं.”

त्यानंतर ती दरवर्षी यायची, मार्गशीर्षात, नवा तांदूळ घरात आल्यावर. हिर्डोशीहून चालत. लेक युद्धावरून परत आला, त्याचं दुसरं लग्न झालं, हे सगळं तिने मला याच फेऱ्यांत सांगितलं. तिच्या बोचक्यात तांदळाच्या दोन पुरचुंड्या असायच्या. एक मला, एक त्या पोरीला. “किती मोटी झाली?” ती विचारायची. मी सांगायचे, चालायला लागली, बोलायला लागली, मोठी खट्याळ आहे. एकदा मी तिच्या दातांचीसुद्धा हकिकत सांगितली. मी इतकी वर्षं लोकांना तोडून बोलत आले, आणि या एका बाईपुढे बसून मी एक अख्खं मूल वाढवलं. दुसरी पुरचुंडी मी देवळात नेऊन द्यायचे. उत्रोलीला मात्र माझी पावलं कधी वळली नाहीत. ती खरी पोरगी मी पुन्हा पाहिली नव्हती.

सहाव्या वर्षी ती आली तेव्हा खूप थकलेली होती. पायरीवरच बसली. बोचक्यातून एकच पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली.

“दुसरी तिला देऊन आले,” ती म्हणाली. “औंदा म्हनलं आपन सोताच जावं. म्हातारपन झालं, फुडल्या वर्सी येनं व्हतंय न व्हतंय. तिच्यासाटी परकर शिवला व्हता, आमच्या पोरीच्या लुगड्याचा.”

मी पुरचुंडी हातात धरून तिच्याशेजारी पायरीवर बसले.

“उत्रोलीत इचारलं, बाईंनी वाचीवलेली पोरगी कंची. लगी दावली. तिची आय म्हनली, दवाखान्यात कवाच नेली न्हाई हिला. घरीच जलमली, पायाळू. बाई गाडीतनं आल्या, त्यांच्या हातानं. कोनच्या दिशी ते बी सांगितलं तिनं.”

मी पुरचुंडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

“चावी म्या आवळली व्हती, बाई. तुमी डाक्टरास्नी ‘मी’ म्हनून सांगितलंत. तवाच मला समजलं काय झालं ते. आनि सांजच्याला तुमी समदं सोडून दिलं, ते बी म्या ऐकलं.”

“मग दरवर्षी विचारत का होतात?” मी विचारलं.

“तुमी सांगत व्हता म्हून,” ती म्हणाली. “कोन तरी वाढतंय, असं वाटायचं.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली. “ती आय म्हनली, तुमी त्या दिशी गेला नसता तर दोगीबी गेल्या असत्या. म्हंजी लागलंच की वो कुनाला तरी.”

मी तिला वेशीपर्यंत पोचवायला गेले. वाटेत ती परकराबद्दल बोलत होती, जरा लांब झाला, पण पुढच्या वर्षी बरोबर येईल. पुढच्या वर्षी ती आली नाही.

तिला वेशीवर सोडलं त्या संध्याकाळी घरी येऊन मी तिच्याच तांदळाचा भात करायला घेतला. तांदूळ धुऊन ठेवले, पातेलं चढवलं. थोड्या वेळाने पाणी बुडबुडायला लागलं. मी ओंजळीत तांदूळ घेतले आणि माझा हात पुढे जाईना. झोळीतून आलेल्या त्या पोरीचा दमलेला, खट्याळ आवाज मला इतका स्पष्ट ऐकू आला की मी मागे वळून बघितलं. मग मी तिथेच चुलीपुढे बसले, आणि तिच्यासाठी मोठ्याने रडले, सहा वर्षांत पहिल्यांदा. आईने माजघरातून हाक मारली, अगं, आधण आटतंय, तांदूळ टाकायचे नसतील तर जाळ तरी ओढ.

पाणी सगळं आटलं, पातेलं तळाशी लाल झालं. जाळ मी ओढला नाही.